नव्या चामड्याला जुनेपण देताना



ऐतिहासिक नाटकात मावळा रंगमंचावर येतो. खांद्यावरून तलवारीचा पट्टा, कमरेला चामडी पिशवी, पायात वहाणा. पट्टा कालच दुकानातून आणल्यासारखा चकचकीत दिसला, तर मागच्या रांगेतल्या पोरालाही ते खोटं वाटतं. म्हणून पट्टा नवा शिवायचा आणि तो वर्षानुवर्षं वापरल्यासारखा दिसेल असं काम त्यावर करायचं. अशा वस्तूला प्रतिकृती म्हणतात. आमचा बचत गट काही वर्षांपासून हे काम करतो. ते कसं चालतं, त्यात काय सांभाळायचं आणि पैशाचा हिशोब कसा ठेवायचा, हे आज सांगणार आहोत.

या वस्तू लागतात तरी कुणाला? मालिका आणि सिनेमेवाल्यांना, नाट्यसंस्थांना, मर्दानी खेळाच्या आखाड्यांना, संग्रहालयांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना. ही गरज जुनी आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1923 साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, तेव्हाही ढाली, पट्टे, खोगिरं लागलीच असणार. अलीकडे कृषी पर्यटन केंद्रांकडूनही विचारणा होते. त्यांना मोट हवी असते, पखाल हवी असते.

मोट आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना आठवत असेल. विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची ती मोठी पिशवी. तोंडाला जाड नाडा, खालच्या सोंडेला सोंदूर, आणि ओढायला बैलजोडी. पंप आले आणि मोट अडगळीत गेली. पण तिच्यामागचं कसब साधं नव्हतं. ढोर समाजातली माणसं कातडं कमवायची, चर्मकार समाजातली माणसं त्याची मोट, वहाणा, पखाल करायची. साऱ्या गावाचं पाणी आणि साऱ्या गावाची वाट त्यांच्या हातावर चालायची, आणि गावाने त्यांनाच वेशीबाहेर ठेवलं. आमच्या गटात चर्मकार घरातल्या बाया आहेत आणि इतर घरांतल्याही. शिकवणाऱ्या मात्र चर्मकार घरातल्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आज ज्याला लोक ‘हस्तकला’ म्हणून नावाजतात, ते ज्ञान कुणाचं आहे हे विसरून चालणार नाही.

चामडं निवडताना

चामडं दोन प्रकारे कमावलेलं मिळतं. एक झाडपाल्यावर, म्हणजे बाभळीची साल, हिरडा यांच्या तुरट पाण्यात. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच पद्धतीचं. कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात, मग त्याची पिशवी शिवून तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरून टांगतात. तुरटपणा हळूहळू आत मुरतो. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे.

दुसरा प्रकार क्रोमचा. हे कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी लवकर कमावलेलं असतं. ते मऊ आणि टिकाऊ असतं, पण आपल्या कामाचं नाही. ते उन्हाने पाहिजे तसं गडद होत नाही, दाबलेला ठसा धरत नाही आणि जुन्या पद्धतीचा काळा रंगही घेत नाही.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्याची कड आतून बहुधा निळसर करडी असते, सालीवर कमावलेल्याची तपकिरी किंवा बदामी. मग पाण्याचा एक थेंब टाका. सालीचं चामडं थेंब पिऊन तिथे गडद होतं. काही जण जाळून परीक्षा करायला सांगतात. ते करू नका. क्रोमचं चामडं जळताना घातक क्रोमियम तयार होऊ शकतं.

पट्ट्याला 3 ते 4 मिलिमीटर जाडीचं चामडं घ्या, पिशवीला 2 मिलिमीटर पुरतं. म्हशीचं आणि शेळीचं घ्या आणि पक्की पावती मागा. 2015 पासून आपल्या राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे माल कुठून आला याचा कागद घरात असलेला बरा. हरीण, बिबट्या, वाघ यांचं कातडं कुणी ‘आजोबांच्या वेळचं आहे’ म्हणून आणून दिलं तरी हात लावू नका. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यात जुनं-नवं बघत नाही. पूर्वी गेंड्याच्या कातड्याच्या ढाली होत्या, त्या संग्रहालयात बघायला मिळतात. आपण प्रतिकृतीसाठी म्हशीचं जाड कातडं वापरतो.

शिवण आणि घडण

वस्तू मुळात चुकीची बनली, तर तिला कितीही जुनं करा, जाणकार एका नजरेत ओळखतो. शिवकाळातल्या पिशवीला चेन नव्हती, टिचबटण नव्हतं, नायलॉनचा दोरा नव्हता. म्हणून रापीने कापायचं, आरीने भोक पाडायचं आणि मेण लावलेल्या सुती दोऱ्याने दोन सुयांनी शिवायचं. एक सुई इकडून, एक तिकडून, दोन्ही एकाच भोकातून. अशी शिवण एका ठिकाणी तुटली तरी सगळी उसवत नाही. यंत्राचे टाके मोजून मापून सारखे येतात. हातच्या टाक्यांत थोडं कमीजास्त असतं, आणि आपल्याला तेच हवं आहे.

गिऱ्हाईक चित्र दाखवतं तेव्हा त्याला विचारा, कुठल्या काळातली वस्तू, कोण वापरणार? सरदाराचा पट्टा आणि साध्या शिपायाचा पट्टा सारखे झिजत नाहीत. शक्य असेल तर मूळ वस्तू बघून या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू खूप आहेत. तिथे तासभर उभं राहिलं की पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

जुनेपण येतं कुठे?

काचकागद हातात घेण्याआधी घरातली एखादी जुनी वस्तू बघा. सासऱ्यांचा कमरपट्टा, जुनी चप्पल, बैलाच्या घुंगुरमाळेचा पट्टा. ती सगळीकडे सारखी झिजलेली नसते. पट्टा रोज ज्या भोकात अडकायचा ते भोक लांबट झालेलं असतं, बाकीची गोल राहिलेली असतात. पिशवीचं झाकण जिथे बोटाने उचलायचं तिथे ते काळपट आणि गुळगुळीत असतं. तळाचे कोपरे खरवडलेले असतात. बक्कलाखालचा भाग मात्र फिकाच राहतो, कारण तिथे ऊन पोचलेलंच नसतं.

म्हणजे झीज हाताच्या मागे जाते. वस्तू कुणी, कशी, कुठल्या हाताने वापरली असेल हे मनात धरायचं आणि तिथेच काम करायचं. शिकाऊ बाई सगळीकडे सारखं घासते, तेव्हा वस्तू जुनी न दिसता नुसती खराब झालेली दिसते.

पायरीपायरीने

पहिली पायरी ओलावा. वस्तू कोमट पाण्यात बुडवून काढा, पिळू नका. ओली असताना ती हवी तशी वाकवा, चुरगळा, पुन्हा सरळ करा. पिशवी असेल तर तिच्यात धान्य किंवा गोटे भरून दोन-तीन दिवस टांगून ठेवा. ओझ्याने तिचं पोट सुटतं, पट्टा ताणला जातो. पट्टा खांद्यावर बसेल अशा गोल लाकडावर वळवून सुकवा. चुलीजवळ किंवा शेगडीवर कधी सुकवू नका. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि कडक होऊन तडकतं.

दुसरी पायरी ऊन. सुकलेल्या वस्तूला एरंडेलाचा अगदी पुसट हात द्या आणि चार-सहा दिवस उन्हात ठेवा. बक्कल लावूनच ठेवा, म्हणजे त्याखालचा भाग आपोआप फिका राहील. रोज बाजू बदला. बदामी चामडं मधासारखं होत जातं. ऊन हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा रंगारी आहे, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून हे काम दिवाळी ते मे या काळात घ्या. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते.

तिसरी पायरी घासणं. आधी जाड काचकागद, मग बारीक. कडा, कोपरे, घड्या, भोकांचे काठ, एवढ्यावरच. नंतर त्या कडा ओल्या जाड कापडाने जोरात चोळा. चोळून कड चमकते, हाताळून हाताळून चमकावी तशी.

चौथी पायरी रंग. चहाचा घट्ट काढा किंवा बाभळीच्या सालीचा काढा गार करून कापडाने लावा. एकदम गडद करायला जाऊ नका. पुसट हात तीन-चार वेळा द्या, मध्ये सुकू द्या. घड्यांत आणि टाक्यांत मळ दिसावा म्हणून काजळी घातलेलं मेण चोळा आणि वरचं लगेच पुसून टाका. खोलगट जागी ते राहतं, उंचवट्यावरचं निघतं. खरा मळही असाच साचतो.

शेवटची पायरी तेल आणि मेण. पाण्याने आणि उन्हाने चामडं कोरडं झालेलं असतं. एरंडेलाचे मोजके थेंब कापडावर घेऊन पुसा, रात्रभर मुरू द्या, मग मधमाशांच्या मेणाचा पातळ हात. तेल जास्त झालं तर चामडं लिबलिबीत होतं आणि दोराही कुजतो.

काळा रंग स्वयंपाकघरातला

लोखंडी विळीवर आवळा किंवा कच्चं केळं चिरलं की फोड काळी पडते, हे आपण रोज बघतो. तुरट रस आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करायचे, तीही याच गुणावर. सालीवर कमावलेल्या चामड्यात तुरटपणा आधीच मुरलेला असतो. त्याला लोखंडाचं पाणी लावलं की ते डोळ्यांदेखत काळं होतं. हा रंग वरून फासलेला नसतो, म्हणून घामाने हाताला लागत नाही.

लोखंडाचं पाणी करायला गंजके खिळे साबणाने धुवा, प्लास्टिकच्या डब्यात घाला आणि बुडतील इतकं व्हिनेगर ओता. आठ-दहा दिवसांनी पाणी गाळून घ्या. कलमकारी कापडाचा काळा रंग करणारे व्हिनेगरऐवजी गूळ-पाणी वापरतात, पण ते आंबायला दोन-तीन आठवडे लागतात. डब्याचं झाकण घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होतो. डबा चुलीपासून लांब ठेवा.

रंग लावून झाला की खायच्या सोड्याच्या पाण्याने वस्तू पुसा आणि मग साध्या पाण्याने. आंबटपणा आत राहिला तर काही वर्षांत चामडं भुगा होऊन गळायला लागतं. शेवटी तेल द्यायला विसरू नका.

बक्कलं आणि कड्या पितळेच्या घ्या. नव्या पितळेवर चकाकीचा लेप असतो, तो काचकागदाने काढा. मग मीठ आणि व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या भुशात एक-दोन दिवस पुरून ठेवा. हिरवट-तपकिरी झाक येते. धुऊन, सुकवून, मेण लावा.

जिवाची काळजी

काचकागदाने घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. तोंडाला मास्क लावा, काम ओसरीवर किंवा अंगणात करा, खाली ओलं फडकं पसरा. चिकटवायचं रबर सोल्युशन दार लावलेल्या खोलीत कधी उघडू नका. त्याच्या वाफेने डोकं दुखतं, आणि रोज हुंगणाऱ्याच्या मेंदूवर आणि रक्तावर परिणाम होऊ शकतो. गरोदर बाईने आणि मुलांनी त्याच्या जवळही बसू नये. ती बाटली कुलपात ठेवा.

लोखंडाचं पाणी, व्हिनेगर, रंग हे शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरं पितात. रंग फिका करायला काही जण ब्लीचिंग वापरतात. ब्लीचिंग आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आम्ही ब्लीचिंग कामाच्या जागी आणतच नाही.

शिक्का मारायचा तो कशासाठी

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काम चांगलं जमायला लागलं की एक दिवस दारात असा माणूस येतो, ज्याला प्रतिकृती नको असते. त्याला ‘जुनी वस्तू’ हवी असते.

आमच्याकडेही एक व्यापारी आला होता. वीस पिशव्या आणि दहा पट्टे हवे होते, भाव नेहमीच्या दुप्पट. अट एकच, आत शिक्का मारायचा नाही. पुढे तो त्या कुठल्या वाड्यात सापडल्या म्हणून विकणार, हे त्याने फारसं लपवलंही नाही. त्या दिवशी बैठकीत दोन तट पडले. एक ताई म्हणाल्या, “आपण वस्तू करून द्यायची. खोटं तो बोलेल, आपण थोडंच बोलणार?” त्यांच्या मुलीची फी भरायची होती. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या म्हणाल्या, “उद्या पोलीस त्याच्याकडे आले तर तो पहिलं नाव कुणाचं सांगेल?” रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं आणि आम्ही ते काम सोडलं. फीसाठी गटाच्या निधीतून उसने दिले. व्यापाऱ्याने ते काम दुसरीकडून करून घेतलं असेल. तो महिना आम्हाला जड गेला, हेही खरं आहे.

कायदा काय म्हणतो ते ऐका. पुरावस्तूंचा कायदा 1972 चा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू त्यात येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. नवी वस्तू जुनी म्हणून विकणं ही सरळ फसवणूक, आणि ती घडणार हे माहीत असताना केलेली मदतही गुन्ह्यात मोडू शकते. याची दुसरी बाजूही आहे. आपली प्रतिकृती इतकी हुबेहूब झाली की परदेशी जाताना कस्टमवाले ती पुरावस्तू समजून अडवू शकतात. तेव्हा ही पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्यावा लागतो. आत शिक्का आणि वहीत नोंद असली की ते काम सोपं होतं.

शिक्का मारणं अवघड नाही. शिवण्याआधी चामडं थोडं ओलं करायचं आणि लोखंडी अक्षरांचे ठसे हातोडीने ठोकायचे. झाकणाच्या आत, पट्ट्याच्या मागे, जिथे प्रेक्षकाला दिसत नाही पण हातात घेणाऱ्याला दिसतं. त्यात ‘प्रतिकृती’ हा शब्द, गटाची खूण, साल आणि क्रमांक. तोच क्रमांक वहीत, गिऱ्हाइकाच्या नावासमोर. या शिक्क्याने आणखी एक गोष्ट होते. पूर्वी मोट करणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलं जात नव्हतं. आता करणाऱ्या बाईची खूण वस्तूवर राहते.

हिशोब

पुढचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. समजा एका पिशवीला चामडं 600 रुपये, दोरा-बक्कल-मेण-तेल 150 रुपये. कापायला 2 तास, शिवायला 5 तास, जुनेपण द्यायला 5 तास. 12 तासांचे 75 रुपयांप्रमाणे 900 रुपये. अवजारांची झीज, प्रवास, फोन यांचे 150. एकूण 1,800. त्यावर गटाचा 15 टक्के वाटा 270. विक्रीची किंमत 2,070 रुपये.

गिऱ्हाईक म्हणतं, “जुनं करायचे कसले पैसे? ते तर उन्हातच पडून होतं.” तेव्हा दबू नका. वाकवणं, घासणं, रंगाचे हात, तेल हे सगळं मेहनतीचं काम आहे, ते तासांत धरा. उन्हातले दिवस मजुरीत धरू नका, पण तेवढे दिवस आपला माल अडकून राहतो. म्हणून निम्मी रक्कम आधी घ्या. मोठं काम असेल तर एक नमुना करून मान्य करून घ्या, त्याचा फोटो ठेवा आणि नमुन्याचे पैसे वेगळे घ्या.

सुरुवात करायची असेल तर पिशवीपासून करू नका. हातभर लांबीचा चामड्याचा पट्टा घ्या, त्याचे चार तुकडे करा. एक नुसता उन्हात ठेवा, एकाला चहाचा काढा द्या, एकाला लोखंडाचं पाणी, आणि चौथा तसाच कपाटात ठेवा. पंधरा दिवसांनी चारही शेजारी ठेवून बघा. त्यातून हात काय करतो आणि ऊन काय करतं, ते समजेल. चर्मकार कुटुंबांसाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या योजना असतात, त्यांची चौकशी जिल्हा कार्यालयात करा. आणि गावात कातडं कमावणारे, मोट शिवणारे कुणी म्हातारे हात अजून असतील, तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा. जाताना वही न्या आणि त्यांनी सांगितलेलं त्यांच्या नावानिशी लिहून घ्या.